माळ्यावरची सतार खाली काढा

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात नेरूळहून एका मैत्रिणीचं पत्र आलं. चांगलं चार पानी, वहीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. नाव छापू नका असं तिनं बजावलं आहे, म्हणून छापत नाही. पण पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तुमच्यापैकी कितीतरी जणी येऊन गेल्या.

ही मैत्रीण लग्नाआधी सतार शिकली. विशारद झाली. गावात दोन-तीन कार्यक्रमही केले. लग्नाला आता सोळा वर्षं झाली. थोरला दहावीत, धाकटी पाचवीत. सतार तिच्याबरोबर सासरी आली खरी, पण पहिल्या बाळाच्या पाळण्याला जागा हवी म्हणून ती माळ्यावर गेली, ती तिथंच राहिली. दरवर्षी दसऱ्याला खाली येते, हळदकुंकू-फूल घेते आणि पुन्हा वर जाते.

यंदा दसऱ्याला शेजारच्या दोघी पानसुपारीला आल्या, त्यांनी सतार पाहिली. "अय्या, तुम्हाला वाजवता येते? मग आमच्या मुलींना शिकवा ना!" झालं. घरात चर्चा सुरू झाली. हिचे मिस्टर म्हणाले, "शिकव की, तेवढाच तुझा वेळ जाईल." सासूबाई म्हणाल्या, "शिकव, पण शेजारच्या पोरींकडून कसले पैसे घ्यायचे? विद्या विकायची नसते."

आणि आमची मैत्रीण विचारते, "ताई, मी शिकवू का? आणि पैसे मागू का? मागायची लाज वाटते हो."

मैत्रिणींनो, प्रश्न दोन दिसतात, पण मुळात तो एकच आहे. वाद्य वाजवणं आणि शिकवणं हे बाईचं काम मानायचं, की दुपारचा विरंगुळा? आज त्याबद्दलच बोलू या.

त्यासाठी आधी तुम्हाला जरा दूर घेऊन जाते. पाश्चात्य संगीतात हार्प नावाचं एक वाद्य आहे. चित्रात तुम्ही पाहिलं असेल. माणसाहून उंच, धनुष्यासारखी बाक असलेली चौकट आणि तिच्यात उभ्या ताणलेल्या तारा. मोठ्या हार्पला ४७ तारा असतात आणि खाली पायानं दाबायच्या सात पट्ट्या. वाद्य आपल्याला अगदीच परकं आहे असं समजू नका. चौथ्या शतकातल्या सम्राट समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा वीणा वाजवत बसलेला दिसतो, ती वीणा आजच्यासारखी नाही, धनुष्याकृती आहे. म्हणजे हार्पच्याच कुळातली. पुढं आपल्याकडून ती गेली आणि ब्रह्मदेशात मात्र राहिली.

हार्पचं मी का सांगते? कारण युरोप-अमेरिकेत ज्या काळात मोठ्या वाद्यवृंदांत बाईला पाय ठेवू देत नसत, त्या काळातही हार्पच्या खुर्चीवर बाई बसलेली चालत असे. घरंदाज मुलींना हार्प शिकवायची रीत होती, त्यामुळे वाजवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या बायका तयार झाल्या. पॅरिसची आंरिएत रेनिए (१८७५ ते १९५६) ही त्यांतली फार नावाजलेली. वयाच्या अकराव्या वर्षी तिनं तिथल्या संगीत विद्यालयाचं पहिलं पारितोषिक मिळवलं. पाय पट्ट्यांपर्यंत पोचत नव्हते, म्हणून वडिलांनी त्यांना जोड करून दिले होते! बारा वर्षांची असतानाच तिच्याकडे शिकवण्या सुरू झाल्या. पुढं आयुष्यभर तिनं मैफिली केल्या, हार्पसाठी स्वतः रचना केल्या, शिष्य घडवले आणि १९४६ साली हार्प शिकण्याची पद्धत सांगणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाजवणं, रचणं, शिकवणं हे सगळं मिळून तिचा एक व्यवसाय होता. तो तिनं डोकं वर ठेवून केला.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही वाचून मला खरंच राग आला होता. व्हिएन्नाचा एक जगप्रसिद्ध वाद्यवृंद आहे, व्हिएन्ना फिलहार्मोनिक. १८४२ सालचा. त्यांच्यात बायकांना सभासद करून घ्यायचं नाही असा दंडक होता. पण हार्प तर हवी! म्हणून ॲना लेल्केश नावाची बाई तिथं हार्प वाजवत असे. एक-दोन नाही, वीसहून अधिक वर्षं. कार्यक्रमपत्रिकेत पुरुष वादकांची नावं छापून येत, हिचं नाव नसे. शेवटी १९९७ च्या फेब्रुवारीत, जगभर ओरड झाल्यावर, बायकांना सभासद करायचं ठरलं आणि ती पहिली सभासद झाली.

वीस वर्षं! सूर हवा, हात हवेत, नाव मात्र नको. आणि आपण तरी घरात काय वेगळं करतो, सांगा बरं? शेजारची मुलगी वर्षभर शिकून शाळेच्या संमेलनात वाजवते, टाळ्या पडतात. "कुणाकडे शिकते?" असं कुणी विचारलं की उत्तर येतं, "आमच्या शेजारी एक काकू आहेत, त्या जरा बघतात."

आपल्याकडची उदाहरणं हवीत ना? आहेत की. मुंबईत १९४६ साली पारशी घरात जन्मलेल्या झरीन दारूवाला यांनी सरोद हातात घेतलं. सरोद म्हणजे पुरुषांचं वाद्य अशीच तेव्हाची समजूत. चौदा वर्षांच्या असताना, १९६० साली, आकाशवाणीच्या संगीत स्पर्धेत त्यांनी बक्षीस मिळवलं. पुढं त्या मैफिलींतून वाजवत राहिल्या आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतही. तुम्ही-आम्ही स्वयंपाक करताना रेडिओवर जुनी गाणी ऐकतो, त्यांच्यात मध्येच सरोदचा एखादा तुकडा येतो आणि गाणं उजळून निघतं. तबकडीवर गायकाचं, संगीतकाराचं, कवीचं नाव असे. तो तुकडा कुणी वाजवला ते नसे. तरी झरीनबाई थांबल्या नाहीत. १९८८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये त्या गेल्या. मैफिलीतला मान वेगळा आणि स्टुडिओतली मजुरी वेगळी, पण दोन्हीकडे बोटं तीच आणि रियाजही तोच. एक केलं म्हणून दुसरं हलकं झालं नाही.

"पण ताई, नुसतं शिकवणं म्हणजे काही कला नव्हे," असं कुणी म्हणालं तर अन्नपूर्णादेवींचं नाव सांगा. १९२७ साली मैहरला जन्म, वडील आणि गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, वाद्य सूरबहार. जाहीर मैफिली त्यांनी फार लवकर बंद केल्या. नंतर मुंबईत ब्रीच कँडीच्या घरात राहून त्यांनी शिकवलं. कुणाला? सतारीवरच्या निखिल बॅनर्जींना, बासरीवरच्या हरिप्रसाद चौरसियांना, नित्यानंद हळदीपूरांना! चौरसिया तर तेव्हाच बासरीवादक म्हणून नाव कमावून होते. पण गुरूची खात्री पटावी म्हणून त्यांनी बासरी धरायचे हात बदलले आणि पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली, असं ते सांगत आले आहेत. १९७७ साली अन्नपूर्णादेवींना पद्मभूषण मिळालं. २०१८ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांनी शिकवलेले वादक जगभर वाजवत होते.

मात्र एक सांगते. त्यांचं व्यासपीठ सोडणं हे त्यांचं, त्यांच्या आयुष्यातल्या दुःखाशी बांधलेलं होतं. ते आपण सबब म्हणून वापरू नये. "मी कुठं वाजवायची आता, मी आपली शिकवीन," असं आमच्या नेरूळच्या मैत्रिणीनंही पत्रात लिहिलं आहे. अहो, शिकवणाऱ्या बाईनं स्वतः वाजवणं सोडलं की तिची विद्या शिळी होते. मुलं फार हुशार असतात. बाईंची बोटं अडखळतात हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळतं.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे वळू या. "विद्या विकायची नसते." त्यांचा हेतू वाईट नाही, त्यांनी तेच ऐकलेलं असतं. त्यांना वाशीला घेऊन जा. तिथं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आहे, संगीताचं विद्यालय आहे. आमच्या मैत्रिणीनं दिलेली विशारदची परीक्षा याच मंडळाची. ज्यांच्या परंपरेतून हे मंडळ १९३१ साली उभं राहिलं, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ साली ते मुंबईत आले. संगीत राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढून त्यांनी चारचौघांच्या घरात आणलं. कशाच्या बळावर? लोकांच्या वर्गणीच्या आणि स्वतःच्या मैफिलींच्या उत्पन्नाच्या. गायनाला मान मिळावा म्हणून आयुष्य वेचणाऱ्या त्या साधुपुरुषाला गाण्याचे पैसे घेण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

माझाच अनुभव सांगते. फार वर्षांपूर्वी मी आमच्या चाळीतल्या दोघींना पेटी शिकवत असे. फुकट, अर्थात. मंगळवारी एकीकडे पाहुणे यायचे, शुक्रवारी दुसरीचं डोकं दुखायचं. मी मात्र आमटी खाली उतरवून, हात पुसून वाट बघत बसायची. सहा महिन्यांनी मीच कंटाळले. धीर करून म्हटलं, पुढच्या महिन्यापासून फी द्यायची. एक आली नाही. दुसरी नेमानं येऊ लागली आणि तिच्याबरोबर आणखी दोघी आल्या! न आलेलीनं पुढं दोन वर्षं माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही, हेही खरं. हे सोसायची तयारी ठेवावी लागते, बरं का.

तर नेरूळच्या मैत्रिणी, आणि तुमच्यासारख्या सगळ्याजणींनो, कामाला लागा. काय आणि कसं करायचं ते क्रमानं सांगते.

आधी वाद्य. माळ्यावरून उतरवलेली सतार लगेच सुरात लावायला जाऊ नका. सोळा वर्षांच्या तारा गंजलेल्या असणार, पिळल्या तर तुटून डोळ्याला लागतील. भोपळ्याला तडा आहे का, दांडी वाकली आहे का, पडदे सुटलेत का ते पाहा. मग जाणकाराकडून तारा बदलून, जवारी काढून घ्या. मिरजेला कुणी जाणारं असेल तर फारच उत्तम. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि कारागिरांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आली आहेत. खुंटी सरकत असेल तर थोडी खडूची पूड लावावी.

आपल्या नवी मुंबईत खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा. म्हणून वाजवून झालं की तारा कोरड्या मऊ कापडानं पुसायच्या आणि वाद्यावर गवसणी घालायची. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, स्वयंपाकघराच्या दाराशीही नाही. आणि कृपा करून परत माळ्यावर नाही! डोळ्यांसमोर राहिलं तरच हातात येतं.

मग स्वतःचा रियाज. पहिले तीन महिने विद्यार्थी घेऊ नका. रोज पाऊण तास, घड्याळ लावून. डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे गेलेले असतील, पहिले पंधरा दिवस बोटं हुळहुळतील. शेजारी वाटीत खोबरेल तेलाचा कापसाचा बोळा ठेवा, बोटं तारेवरून सहज सरकतात. नखी जुनी झाली असेल तर नवी घ्या, सैल नखीनं बोल स्पष्ट येत नाहीत. गत आठवत नाही म्हणून रडू नका. अलंकार आणि पलट्यांपासून सुरुवात करा, हाताला आठवतं. हा पाऊण तास सकाळी डबे गेल्यावरचा असो की दुपारचा, पण घरातल्या सगळ्यांना तो ठाऊक हवा. "आई दुकानात गेली आहे" म्हटल्यावर जसं कुणी हाक मारत नाही, तसंच "आई रियाजाला बसली आहे".

फी आणि वेळ. आपल्या भागातल्या दोन-तीन शिक्षकांकडे फीची चौकशी करा. त्यांतली सर्वांत कमी असेल, तिच्याखाली जाऊ नका. सुरुवातीला चारच मुलं, प्रत्येकीला आठवड्यातून दोनदा पाऊण तास. म्हणजे आठवड्याचे सहा तास झाले. एवढं संसार सांभाळून जमतं. फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची, मुलगी आली नाही म्हणून कापायची नाही. तुमच्याकडे अडचण आली तर मात्र तो तास भरून द्यायचा. खरोखर ऐपत नसलेली एखादी गुणी मुलगी असेल तर तिला जरूर फुकट शिकवा. पण ते तुम्ही ठरवा, शेजारधर्मानं नव्हे.

आणि हे पैसे घरखर्चाच्या डब्यात टाकू नका. बँकेत वेगळं खातं ठेवा. तारा, दुरुस्ती, स्वतःचं पुढचं शिक्षण यांचा खर्च त्यातून. वर्षाच्या शेवटी पासबुक ह्यांच्यासमोर ठेवा. "वेळ जातो" हे वाक्य पुन्हा ऐकू येतं का पाहा.

शिकवण्याला शिस्त. प्रारंभिक, मग प्रवेशिकेच्या दोन, मध्यमाच्या दोन आणि विशारदच्या दोन, अशा सात परीक्षांची पायरी समोर आहेच. पालकांना ती समजावून सांगा. पण परीक्षेसाठी चारच राग घोकून घेऊ नका. मुलीला आवडेल असं एखादं भजन, एखादी धून द्या. घरी आजीला वाजवून दाखवलं की तिचा उत्साह टिकतो. लहान मुलीच्या हाताला मोठी सतार पेलत नाही, तिला लहान आकाराची घ्यायला सांगा.

शेवटी वाजवणं. गुरुपौर्णिमेला मुलींचा कार्यक्रम ठेवाल, तेव्हा शेवटची वीस मिनिटं तुमची. हे विसरायचं नाही. सोसायटीचा गणपती, कोजागिरी, दिवाळी पहाट या वेळी मंडळं कलाकार शोधत असतात, आपण होऊन विचारा. पत्रिकेवर नाव छापायला लावा, पूर्ण नाव. आणखी हिंमत झाली तर आकाशवाणीच्या ऑडिशनची माहिती घ्या. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात चांगली मैफल असेल तेव्हा पुढच्या रांगेचं नको, पण तिकीट काढून ऐकायला जा, एखाद्या मुलीलाही घेऊन जा. ऐकणं हाही रियाजच.

आता मिस्टरांबद्दल थोडं. "वेळ जाईल" म्हणणारे नवरे मनानं वाईट नसतात. त्यांनी तुम्हाला वाजवताना पाहिलेलंच नसतं. तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी संध्याकाळी, टीव्ही बंद करून, अर्धा तास घरच्यांसमोर बसून वाजवा. सासूबाईंना पुढं बसवा. भाषणापेक्षा यमनचा काय परिणाम होतो तो बघा आणि मला कळवा.

आणि दारावर पाटी लावा हं. छोटीशी चालेल. "सतारीचे वर्ग" एवढंच नको, खाली तुमचं नाव हवं. व्हिएन्नाच्या त्या बाईला नाव छापून यायला वीस वर्षांवर वाट पाहावी लागली. तुमच्या दारावर पाटी लावायला खिळा आणि हातोडी पुरते.

पत्र लिहून झाल्यावर आमच्या मैत्रिणीनं शेवटी एक ओळ वाढवली आहे: "धाकटी विचारत होती, आई, ही सतार कुणाची?" ताईंचं उत्तर एवढंच, की तिला शब्दांनी सांगू नका. वाजवून सांगा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. पत्रं पाठवत राहा.

तुमची,
ताई